फटाक्याला न दचकलेलं पिल्लू

कदिरला तीन वर्षं पूर्ण झाली तरी त्याने मला अजून अम्मा म्हणून हाक मारली नव्हती. मला काय, कुणालाच मारली नव्हती. हसायचा, रडायचा, घशातून घोगरे आवाज काढायचा, हवं ते बोटाने दाखवायचा. शब्द मात्र एकही नाही. शेजारणीची पोर त्याच्याहून लहान, पण अंगणात येऊन "सोर्णम अक्का, साखर दे" म्हणायची आणि मी साखर देताना तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. एवढं सोपं असतं ते, असं वाटून मला त्या बिचारीचा रागसुद्धा यायचा.

घरात काळजी करणारी मी एकटीच. तात्तांचं उत्तर ठरलेलं, "याचा बापही चार वर्षांचा होईतो मुका होता. आता बघ, गप्प बसवावं लागतं." हॉस्पिटलचं नाव काढलं की ते ताटावरून उठायचे. "एकदा तिथे पोराला शिक्का बसला की जन्मभर निघत नाही. आपल्या रक्तात काही खोट नाही, पोरी."

रक्ताचा तात्तांना फार अभिमान. तात्ता म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील, आणि तेच माझे सासरे. आच्ची माझी आजी, तीच सासू. आईचा धाकटा भाऊ वेलमयिल, त्याला मला दिली. माझ्या आईलाही तिच्या मामालाच दिलं होतं. आमच्यात याचं कुणाला नवल नाही. उलट बाहेरची सून आणली तर लोक विचारतात, का हो, घरात मुलगी नव्हती का? लहानपणी मी मामाला अरे-तुरे करायचे, त्याच्या खांद्यावर बसून जत्रेला जायचे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आच्चीने बजावलं, आता अहो-जाहो करायचं. मामा हे नाव तेवढं तसंच राहिलं. "आपल्या विहिरीचं पाणी आपल्याच शेतात जावं," तात्ता म्हणायचे.

आमचं गाव शिवकाशीच्या अलीकडे. अंगणातच मामाची पत्र्याची शेड आहे. फटाक्यांच्या खोक्यांवर चिकटवायचे रंगीत कागद तिथे कापून गठ्ठे बांधतात. चारी बाजूंना फटाक्यांचे कारखाने. दुपारी नव्या मालाची चाचणी होते तेव्हा फळीवरची भांडी वाजतात, पण कुणी मान वर करत नाही. बारशाला फटाके, लग्नाला फटाके, मयताला तर आधी फटाके आणि मग खांदेकरी. मूल फटाक्याला दचकून रडलं की बापाला कमीपणा वाटतो. कदिरच्या बारशाला दारात लांबलचक माळ लावली होती. पाहुण्यांची पोरं किंचाळत आयांच्या पदराखाली शिरली आणि हा पाळण्यात डोळेही न उघडता झोपलेला. तात्तांनी पाळणा दाराशी ओढून सगळ्यांना दाखवला. "वाघ आहे, वाघ." त्या दिवशी मलाही बरंच वाटलं.

आणि तांबडी होती. तांबडी म्हणजे आमच्या गल्लीतली कुत्री. एक कान फाटलेला, पोट सैल, आवाज मात्र असा की पोस्टमन दोन गल्ल्यांपलीकडे असतानाच कळावं. मी उरलेली इडली टाकायचे, म्हणून ती आमच्या पायरीवर बसायची. कदिर दिवसभर तिच्या अंगाला टेकून. संध्याकाळी मामाची गाडी वळणावर आली की तांबडी उठायची, शेपूट हलवायची, आणि कदिर फाटकाकडे पळायचा. आच्ची मला टोमणा मारायची, "बघ, बापाची गाडी कशी ओळखतो. आणि तू म्हणतेस पोरात काहीतरी आहे. तुझ्याच डोक्यात काहीतरी आहे." तेवढ्यापुरता माझा जीव भांड्यात पडायचा.

भैरवाच्या देवळातल्या पुजाऱ्याने उपाय सांगितला. घरात कुत्रं पाळा, देवाचं वाहन आहे, पोराच्या हाताने त्याला रोज एक घास भरवा, पोराची जीभ सुटेल. एरवी मी असल्या गोष्टींना हसते. पण बुडत्याला काडीचा आधार, मी घरी येऊन जेवणं वाढता वाढताच विषय काढला.

"कुत्रं तर आहेच," मी म्हटलं. "तांबडीला आत घेऊ. पोराला तिचा लळा आहे."

तात्ता घास हातात धरून हसायला लागले. "हिचा बाप कोण, विचार गल्लीत. दहा जण दहा नावं सांगतील."

"आपल्याला तिचं लग्न कुठं लावायचंय?"

"कुत्रं काय नि सून काय, आईबाप ठाऊक असल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घेऊ नये," आच्ची म्हणाली.

मामाला घरात भांडण नको असतं. तो दोन्ही बाजूंना मान हलवतो. त्याने मोबाईलवर मदुरैतलं एक दुकान दाखवलं. परदेशी जातीची गुबगुबीत पिल्लं, गळ्यात रिबिनी. लहान मुलांशी फार चांगली असतात म्हणे. रविवारी आम्ही दोघं कदिरला घेऊन गेलो.

दुकानात गार हवा आणि फिनेलचा वास. भिंतीत काचेच्या पेट्या, पेटीत कागदाच्या कपट्यांवर पिल्लं. भरदुपारी सगळी झोपलेली. मालकाने अंगठीने काचेवर टकटक केलं तेव्हा एकाने कशीबशी मान उचलली. त्याच्या डोळ्यांच्या कडांना पिवळं काहीतरी साचलेलं होतं. मी विचारलं, याची आई कुठंय? मालक मला समजावल्यासारखा हसला. "अक्का, आई दिल्लीला. ही विमानाने येतात." मामाला ते पिल्लू आवडलं होतं, त्याने हातातही घेतलं. मला मात्र त्या पेट्यांसमोर उभं राहवेना. इतकी पिल्लं आणि कसलाही आवाज नाही, हे मला सहन होत नव्हतं. बरं झालं, मामाने घरी फोन लावला आणि तात्तांनी पलीकडून एका वाक्यात निकाल लावला, "आईबापाचा पत्ता नाही असलं काही आणाल तर दोघंही बाहेर झोपा."

मग तात्ताच आम्हाला तवसीकडे घेऊन गेले. डोंगराच्या पायथ्याला सेंगुळम नावाची वस्ती आहे, तिथे तवसीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पांढरी शिकारी कुत्री होतात. दुधासारखं अंग, गुलाबी नाक, काचेसारखे फिकट डोळे. जमीनदारांच्या दारात तीच बांधलेली असायची. तवसी वाळका, कमी बोलणारा म्हातारा. त्याने टोपली आणली आणि पिल्लं अंगणात सोडली. सहा होती. पाच पांढरीशुभ्र आणि एकाच्या पाठीवर काळा डाग.

"हे डागाचं घ्या," तवसी म्हणाला. "घराला चांगलं."

"डाग म्हणजे कुठंतरी मिसळ झाली," तात्ता म्हणाले. "आम्हाला निखळ पाहिजे. फटाका लाव."

आमच्याकडे कुत्रं असंच पारखतात. चिंचेच्या फांदीला दोऱ्याने फटाका टांगायचा, खाली पिल्लांना दुधाचं ताट ठेवायचं आणि वात पेटवायची. जे पिल्लू सगळ्यात शेवटी पळेल ते धीट. तवसी क्षणभर तसाच उभा राहिला. मग आत जाऊन फटाका घेऊन आला.

कदिर मामाच्या खांद्यावर झोपला होता. मी म्हटलं, त्याला जरा लांब न्या. तात्ता म्हणाले, "कशाला? शिवकाशीचं पोर आहे."

फटाका वाजला. चिंचेवरचे बगळे उडाले. माझे स्वतःचे खांदे वर गेले. पाच पिल्लं कुईकुई करत गाडीखाली घुसली. सहावं, पांढऱ्यांतलंच एक, ताटात तोंड घालून दूध पीत राहिलं. त्याची शेपूटसुद्धा थांबली नाही. आणि मामाच्या खांद्यावर कदिर तसाच झोपलेला, ओठांतून लाळेची तार सुटलेली.

तात्तांनी मांडीवर थाप मारली. "बघितलंत? दोघं एकाच धातूचे. हे पिल्लू याचंच."

मामा हसला. आजूबाजूला जमलेली चार माणसं हसली. तवसी हसला नाही. तो पिल्लाकडे बघत होता आणि मग त्याने वर मामाच्या खांद्याकडे पाहिलं. का कोण जाणे, मी पदर ओढून कदिरचं डोकं झाकलं. परतीच्या वाटेवर सगळे खुशीत होते, मी तेवढी कदिरला मांडीवर घट्ट धरून बसले.

पिल्लाचं नाव तात्तांनी ठेवलं, वीरन. त्याच आठवड्यात त्यांनी तांबडीचा निकाल लावला. खानदानी कुत्र्याशेजारी गल्लीचं कुत्रं नको, वाईट सवयी लागतात. कागदाच्या टेम्पोत तिला चढवलं आणि रेल्वे फाटकाच्या पलीकडे सोडून दिलं. मी आत भात उतरवत होते. बाहेर येईपर्यंत टेम्पो गेला होता आणि कदिर पायरीवर एकटा बसून बाजूच्या रिकाम्या जागेवर हात फिरवत होता. मी तात्तांना नको ते बोलले. आच्चीने माझ्या तोंडावर हात ठेवला.

त्यानंतर आमचं घर गप्प झालं. दुसरा शब्द मला सापडत नाही. वीरन वाढत होता, देखणा होता, कदिरला सोडत नव्हता. पुजाऱ्याने सांगितल्याप्रमाणे कदिर रोज त्याला नाचणीच्या आंबिलीतला घास भरवायचा. पण वीरन भुंकत म्हणून नव्हता. तात्ता आल्यागेल्याला सांगायचे, "जातिवंत आहे, उगाच तोंड वाजवत नाही." एका दुपारी मी चुलीपाशी वाकले होते, वळून बघते तर मागे परका माणूस उभा. मीठवाला होता बिचारा. फाटकातून हाका मारत आला, कुणी ओ देईना म्हणून सरळ आत. शेडमधल्या यंत्राच्या खडखडाटात मला ऐकू आलं नव्हतं. वीरन ओसरीवर जागा होता, कदिरशेजारी, अंगणाकडे पाठ करून. मीठवाल्याने त्याच्या अंगावरून पाय टाकला तेव्हा कुठं तो उडून उभा राहिला.

त्याहून वाईट ते संध्याकाळचं. मामाची गाडी यायची, फाटक वाजायचं, मामा ओसरीवर येऊन उभा राहायचा. कदिर आपला दगडांचा मनोरा रचत बसलेला. पळणं राहिलं, मान वळवणंही नाही. मामा पुढे जाऊन त्याच्यासमोर वाकला की मग चेहरा उजळायचा आणि गळ्याला मिठी पडायची.

"रुसलाय वाटतं माझ्यावर," मामा म्हणायचा.

"दृष्ट लागली," आच्ची म्हणायची आणि मिरच्या ओवाळायची. मिरच्यांच्या धुराने आम्ही सगळे खोकायचो.

मी विचार करायचे, कुत्रं आलं जीभ सुटण्यासाठी आणि माझं पोर आणखीच आत आत चाललंय. रात्री मला झोप लागत नसे. काहीतरी माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला ते दिसत नव्हतं, किंवा बघायचं नव्हतं.

मग तो पाण्याचा टँकर आला. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर मागे मागे घेत आणावा लागतो, वळायला जागा नाही. मागे येताना तो कर्कश गाणं वाजवतो. मी घागर घेऊन बाहेर आले. गल्लीच्या मधोमध कदिर आणि वीरन मुंग्यांच्या वारुळापाशी, दोघांची पाठ टँकरकडे. गाणं वाजत होतं. पाणी भरायला आलेल्या बायका ओरडत होत्या. मी ओरडले. माझा आवाज माझ्याच कानांत फुटला. त्या दोन पाठींपैकी एकही हलली नाही.

घागर कुठं पडली मला माहीत नाही. मी टँकरच्या आणि त्यांच्या मधे कशी शिरले तेही माहीत नाही. कदिरला कमरेत धरून ओढला तेव्हा तो हसत होता. त्याला वाटलं मी खेळतेय. टँकरचं चाक वारुळावर येऊन थांबलं.

ड्रायव्हर खाली उतरला. तो घाबरला होता आणि म्हणून चिडला होता. "अक्का, गल्लीच्या तोंडापासून वाजवत येतोय. पोरगं ऐकत नाही, कुत्रंही ऐकत नाही. दोघंही बहिरी आहेत का?"

तात्ता ओसरीवर आले होते. "तोंड सांभाळून," ते म्हणाले. "घाबरत नाहीत ते. दोघंही कशाला घाबरत नाहीत."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी कदिरला छातीशी धरून आत गेले आणि दार लावून घेतलं. ड्रायव्हरचं वाक्य माझ्याबरोबर आत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीरन ओसरीवर झोपला असताना मी त्याच्या डोक्यामागे पितळी परात धरून उलथन्याने वाजवली. आच्ची आतून ओरडली, काय झालं म्हणून. कोंबड्या भिंतीवर चढल्या. वीरनच्या कानाची टोकंसुद्धा हलली नाहीत, बरगड्या संथपणे वर-खाली होत होत्या. कदिर आत माझ्या अंथरुणावर झोपला होता. परात घेऊन मी त्या खोलीच्या दारापर्यंत गेले. उलथनं उचललंही. आणि ते खाली येईना. मी परात जागेवर ठेवून दिली. कुत्र्याचं मला कळलं होतं, पोराचं मला कळून घ्यायचं नव्हतं.

तरी एका गोष्टीचा छडा लावल्याशिवाय मला चैन पडेना. देवळात जाते असं सांगून मी कदिरला कडेवर घेतलं आणि बसने सेंगुळमला गेले.

तवसी ओट्यावर बसून दोर वळत होता. बाजूला एक पांढरी कुत्री झोपलेली, वीरनची आई. मला बघून त्याने दोर खाली ठेवला. मी का आले ते त्याने विचारलं नाही.

"तवसी अय्या, तुम्ही आम्हाला बहिरं कुत्रं दिलंत," मी म्हटलं.

"हो."

त्याने नाही म्हटलं असतं तर मी भांडणार होते. सगळी वाक्यं बसमध्ये जुळवून आणली होती.

"माहीत असून दिलंत?"

"मी डागाचं घ्या म्हणत होतो, पोरी. पांढऱ्याला पांढरं बांधत गेलं की कातडी लखलखते आणि कान मिटत जातात. प्रत्येक वेतात एखाद-दुसरं असतंच. माझा बाप असली पिल्लं दूध तुटायच्या आधीच बादलीत बुडवायचा. आता लोक येतात, फटाका लाव म्हणतात, न पळालेलं उचलतात आणि धीट धीट म्हणत घेऊन जातात. ते धीट आहे असं मी एकदाही म्हटलं नाही. ते तुम्ही म्हणालात."

"आणि तुम्ही गप्प राहिलात."

"गप्प राहिलो," तो म्हणाला. "पिल्लू तरी जगतं."

मला त्याचा संताप आला आणि त्याच वेळी त्याला सोडून जाववेना. तो माझ्या मांडीवरच्या कदिरकडे बघत होता, त्या दिवशी चिंचेखाली पाहिलं होतं तसंच. कदिर त्याच्या पांढऱ्या मिश्या बघून हसत होता.

"त्या दिवशी हा झोपला होता ना, बापाच्या खांद्यावर?"

"हो. झोपला होता."

"झोपला होता," तो स्वतःशी म्हणाला. त्याने दोर हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. "पोरी, तुझा नवरा तुझा कोण लागतो?"

"मामा. सख्खा."

"आणि तुझा बाप तुझ्या आईचा?"

मी कदिरला पोटाशी ओढलं. तवसीला उत्तर नकोच होतं. तो उठला, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे गोठ्यावर टाकायच्या लाकडी फळ्या पसरलेल्या होत्या आणि त्या झोपलेल्या कुत्रीच्या अंगाखालपर्यंत येत होत्या. त्याने फळीवर टाच आपटली. कुत्रीने डोळे उघडले आणि सरळ त्याच्याकडे मान वळवली.

"हिला मी असंच बोलावतो," तो म्हणाला. "कानाने नाही येत ते पायाने येतं. एवढंच मला ठाऊक आहे. बाकीचं मोठ्या डॉक्टरांना विचार, आणि लवकर विचार."

बसमध्ये कदिर खिडकीतून बाहेर बघत होता. त्याचं बोट प्रत्येक गाईकडे जात होतं आणि मी प्रत्येक वेळी त्याच्या मानेमागून "गाय" म्हणत होते. तीन वर्षं मी हेच करत आले होते, त्याच्या पाठीमागून बोलत होते. घर जवळ येत होतं आणि मला वाटत होतं ही बस बंद पडावी.

घरी जेवणाची वेळ झाली होती. शेडमधली यंत्रं बंद होती, कामगार विहिरीपाशी डबे सोडून बसले होते. कागदाला ओल लागू नये म्हणून शेडची जमीन फळ्यांची आहे, खाली पोकळ. मी कदिरला खाली सोडल्याबरोबर तो वीरनला घेऊन शेडमध्ये गेला. रंगीत कागदाच्या कातरणांचा ढीग म्हणजे त्या दोघांचं राज्य. मी हातपाय धुतले. पाणी प्यायले. माझी कामं संपली.

मी शेडच्या दारात उभी राहिले. दोघं लांबच्या कोपऱ्यात, दोघांचीही पाठ माझ्याकडे. कदिर कातरणं उचलून वीरनच्या डोक्यावर टाकत होता. छपरातून उन्हाची तिरीप त्यांच्यापुढे पडली होती. माझी सावली तिकडे जात नव्हती.

"कदिर," मी म्हटलं.

कातरणं उडत राहिली.

"कदिर. राजा. अम्मा आलीय."

विहिरीपाशी कुणीतरी हसलं. मी पुन्हा हाक मारली, मग ओरडून मारली, इतकी की विहिरीवरचं बोलणं थांबलं. मामा हात पुसत माझ्या मागे येऊन उभा राहिला. "का ओरडतेस गं? काय केलं त्याने?"

मी त्याला हातानेच थांबवलं. देवा, फक्त कुत्रंच वळू दे, एवढंच माझ्या मनात होतं. मी पाय उचलला आणि सगळ्या जोराने फळीवर आपटला.

वीरन वळला.

आणि कदिर वळला.

एकाच वेळी, एकाच बाजूने, जणू एका दोरीने दोघांच्या माना ओढल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बोलावलं होतं आणि माझ्या लेकाने माझ्याकडे पाहिलं होतं, जन्मात पहिल्यांदा.  मला आनंद झाला हे मी लपवणार नाही. त्या आनंदाच्या मागोमाग बाकीचं सगळं आलं, पाळणा आला, बारशाची माळ आली, वाघ आहे वाघ म्हणणारे तात्ता आले, आणि मी दाराची चौकट धरली.

 मामाने स्वतः एकदा पाय आपटून पाहिला, हलकेच, चोरासारखा. दोन्ही माना त्याच्याकडे वळल्या. तो तिथेच फळ्यांवर बसला.

"मग माझी गाडी..." तो म्हणाला. "रोज पळत यायचा तो..."

"तांबडी उठायची, मामा. तो तिच्याकडे बघून पळायचा."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली त्याला मी कधी असं बघितलं नव्हतं. ओसरीवरून तात्तांचा आवाज आला, "काय आपटताय रे तिकडे? फळ्या मोडतील."  तात्तांच्या काठीचा आवाज अंगणातून शेडकडे यायला लागला.

"उद्या मदुरैला जायचं," मी म्हटलं. "मोठ्या हॉस्पिटलात. तात्तांना तुम्ही सांगायचं."

मामाने मान हलवली. या वेळी एकाच बाजूला.

कदिर अजून आमच्याकडे बघत होता. आम्ही कसला तरी नवा खेळ आणलाय असं त्याला वाटलं असावं. त्याने केसांतली कातरणं झटकली, एक हात वीरनच्या पाठीवर ठेवून तोल सांभाळला, आपला एवढासा पाय उचलला आणि फळीवर आपटला. माझ्या तळव्यांना ते कळलं. मग तो मान वर करून, माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या पायांकडे बघत उत्तराची वाट पाहत उभा राहिला.